दिवसाउजेडी लावलेली समई

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं आणि घाटाची चिंचोळी खिंड मागं टाकली की कानोता यायचं. आताचं सोडा. तेव्हा, नवे पैसे नुकतेच चालू झाले होते त्या दिवसांत, गावाच्या तोंडाशी एक बुटकं दगडी घर होतं आणि त्या घरामागच्या गोठ्यातून पहाटे अस्सल नगरी शिव्या ऐकू यायच्या. शिव्या म्हशींना असायच्या आणि त्यात मायाच जास्त असायची. घालणारी होती शकुंतला थोरात. गाव तिला दखणी बाई म्हणायचं.

ती मूळची संगमनेरकडची. नवरा गोविंद मोजणीखात्याच्या एका साहेबाच्या जीपवर ड्रायव्हर होऊन इकडं आला. पुढं साहेबाची बदली झाली, जीप गेली, नोकरीही गेली. पण तोवर शकुंतलेनं एक म्हैस घेऊन ठेवली होती. जयपुरातल्या मराठी साहेबांच्या बायका पाणचट दुधाला विटलेल्या. त्यांनी हिच्या दुधाची साय बघितली आणि घरोघर रतीब लागले. एकीच्या तीन म्हशी झाल्या. गोविंद जीपवरून सायकलवर आला. मागं दोन कॅन बांधून तो रोज घाट चढायचा, उतरायचा, आणि मनातल्या मनात गावी जायचा. "औंदा दिवाळीला गावी जाऊ, ते कायमचंच," हे वाक्य तो दर पावसाळ्यात बोलायचा. शकुंतला हूं म्हणायची. तिलाही गावाची आठवण यायची, प्रवरेच्या पाण्याची तर फारच. पण म्हशी काही रेल्वेत बसत नाहीत, हे तिला कळत होतं.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. दारात एक गोणपाट अंथरलेलं, त्यावर तुपाची बरणी, दह्याचं गाडगं, तराजू. गावातलं गिऱ्हाईक तिथं यायचं. पेंड आणि सरकी जयपुरातल्या घाट दरवाज्याच्या आतल्या नंदकिशोर शेठच्या पेढीवरून यायची, उधारीवर. शेठ पोती पाठवायचा, मुनीम घासीलाल महिन्याच्या महिन्याला येऊन जमेल तेवढं घेऊन जायचा. कधी पुरं, कधी अर्धं. शेठनं कधी वाकडा शब्द काढला नाही आणि शकुंतलेनं कधी एक पैसा बुडवला नाही. असं सगळं विश्वासावर चाललं होतं, आणि तेव्हा ते कुणाला नवलाचंही वाटत नसे.

मग ते साल आलं. ज्येष्ठ कोरडा गेला, आषाढही कोरडाच निघाला. चाऱ्याला सोन्याचा भाव आला. म्हशी नुसत्या पेंडीवर उभ्या राहिल्या आणि शेठची बाकी वाढत गेली. घासीलाल दोनदा रिकाम्या हातानं परत गेला. "अगली बार पक्का, मुनीमजी," असं गोविंद म्हणायचा आणि त्याची नजर जमिनीवरून उठायची नाही.

आषाढ संपत आला. आषाढाच्या अमावास्येला तिकडं हरियाली अमावस म्हणतात. बायका झोपाळे बांधतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी हिरवं म्हणून काही नव्हतंच, त्यामुळं झोपाळ्यांनाही ताल नव्हता. शकुंतलेची मात्र ती दिव्यांची अवस. तिच्या आईनं सांगितलेलं होतं, घरातला एकही दिवा त्या दिवशी न घासता राहता कामा नये. तिनं कंदील, चिमण्या, निरांजनं, माहेरची पितळी समई, सगळं चिंचेनं घासून लख्ख केलं. कणकेचे गोड दिवे उकडले. पूजा खरी तिन्हीसांजेची, पण तिन्हीसांजा म्हणजे धारांची वेळ. तेव्हा देवाला वेळ द्यायचा कुठून? म्हणून ती दुपारीच उरकायची.

त्या सकाळी पाण्यावर नेताना दारासमोर धाकट्या म्हशीनं लाथ मारून दारातल्या गोणपाटावर कॅन लवंडला होता. आंबूस वास नको म्हणून शकुंतलेनं गोणपाट धुतलं आणि वाळायला दारातच उलटं पसरलं. बरणी, गाडगं, तराजू आत नेऊन ठेवला. मोकळ्या झालेल्या उंबऱ्याशी पाट मांडला, रांगोळी काढली, सगळे दिवे मांडले आणि मधोमध समई. तेल संपलेलं. घरात तूप होतं, ते घातलं. टळटळीत दुपारी पाच वाती तेवायला लागल्या. सहा वर्षांची अलका हात जोडून बसली. शकुंतलेला फार बरं वाटलं. घर उजळलं की पोट भरल्यासारखं वाटायचं तिला.

एवढ्यात घासीलाल आला. छत्री मिटली, धोतर सावरलं, आणि पायरीशी थबकला. त्यानं समईकडं पाहिलं. उलट्या गोणपाटाकडं पाहिलं. रिकाम्या दुकानाकडं पाहिलं. त्याचा चेहराच उतरला.

"आवो मुनीमजी, बैठो ना," शकुंतला म्हणाली. पैसे मागायच्या आत तोंड गोड करावं म्हणून तिनं कणकेचा एक दिवा तुपात बुडवून त्याच्यापुढं धरला. "परसाद है."

घासीलालनं दोन्ही हात जोडले आणि एक पाऊल मागं घेतलं. "ना बाई ना. यो म्हूं कोनी ल्यूं." आणि पैशाचा विषयही न काढता तो आल्या पावली परत गेला.

"माणूस भला आहे," शकुंतला अलकाला म्हणाली. "पूजा बघितली, मागायची लाज वाटली त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा चाललेल्या असतानाच दारात माणसं जमली. कडब्याचा व्यापारी, सायकल दुरुस्त करणारा, पिठाच्या गिरणीचा मालक. ज्याचे चार रुपये होते तोही आला. सगळे एकदम बोलत होते आणि कुणीच नीट बोलत नव्हतं. गिरणीवाल्यानं तर तुपाची बरणी उचलून काखेत मारली. गोविंद हातात कासंडी घेऊन नुसता उभा. "अरे भई, हुआ क्या है? दे दूंगा ना!" तो म्हणत राहिला. कुणी ऐकेना.

शेजारची अनुसया माळीण तेवढी आत आली. ती शकुंतलेची मैत्रीण. दोघींच्या भाषा वेगळ्या, पण शेणाच्या पाट्या एकत्र उचललेल्या. तिनं शकुंतलेला गोठ्यात ओढलं.

"बाई, थे दिन में घी रो दीयो क्यूं जोयो? ऊपर से टाट उलटो!"

"पूजा थी गं. दिव्यांची."

अनुसयानं कपाळाला हात लावला आणि हळूहळू सगळं सांगितलं. या मुलखातला वाणी बुडाला की पूर्वी असंच करायचा. पेढीवरचं गोणपाट उलटायचा, दुकान रिकामं करायचा आणि भरदिवसा तुपाचा दिवा लावून बसायचा. तोंडानं सांगायला नको, रस्त्यानं जाणाऱ्याला कळायचं, याचं संपलं. हल्ली कुणी करत नाही, पण विसरलंही कुणी नाही. काल संध्याकाळपासून सगळ्या गावात एकच बोललं जात होतं, दखण्यांनी दिवा लावला.

शकुंतला गव्हाणीच्या कडेवर बसली. आईनं शिकवलेली पूजा, इतक्या निगुतीनं केलेली, आणि लोकांनी तिचा हा अर्थ लावला! तिला आधी रडूच आलं. मग संताप आला. कुणावर, ते मात्र कळेना.

चार-सहा दिवसांत कोर्टाचा बेलीफ आला. नंदकिशोर शेठनं दावा ठोकला होता, आणि निकाल लागेपर्यंत म्हशी जप्त. परदेशी माणसं, दुकान उलटलंय, आता जनावरं विकून रातोरात देशी निघून जातील, असं शेठच्या वकिलानं कोर्टाला सांगितलं होतं. बेलीफ तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं बाजेवर बसून चहा मागितला, निव्वळ दुधाचा. मग म्हशींची नावं विचारली.

"नावं कशाला?" गोविंद म्हणाला.

"लिखनी पड़ती हैं."

"चंद्री, काशी आणि ती धाकटी, तिला अजून नाव न्हाई," शकुंतला मराठीतच म्हणाली. बेलीफनं धाकटीपुढं 'बेनाम' असं लिहिलं. मग प्रत्येकीच्या गळ्यात सुतळी बांधून तिच्या गाठीवर लाखेचं सील करायचं होतं. चंद्री परक्या माणसाला अंगाला हात लावू देईना, फुरफुरली, शिंगं उगारली. शेवटी बेलीफ म्हणाला, बाई, तुम्हीच धरा. तेव्हा शकुंतलेनं चंद्रीचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं, कानामागं खाजवलं, "गप गं माझी बाय," म्हणाली, आणि परक्या माणसानं तिच्याच हातातल्या जनावरावर सील मारलं. कुंपणावर बसून अर्धं गाव बघत होतं. जन्मात एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

म्हशी त्यांच्याच गोठ्यात ठेवल्या, जामिनावर. दूध विकायला मोकळीक, जनावर हलवायला बंदी. पण रोजचं काम काही जप्त झालं नव्हतं. आंबोण भिजवायचं, शेण काढायचं, गोवऱ्या थापायच्या. पेंड आता रोख घ्यावी लागत होती, तीही थोडी थोडी. चंद्रीची बरगडी दिसायला लागली. गोविंद घाटातून सायकल ढकलत यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे असायचे.

तारखेच्या आधी घासीलाल परत आला. या वेळी पायरीवर बसला, पाणी प्याला. आवाज मऊ होता.

"गोविंदजी, सेठजी जुन्या चालीचे आहेत," असं तो आपल्या हिंदीत सांगू लागला. ज्यानं दिवा लावला त्याला पिळायचं नाही, अशी ती चाल. असेल ते द्यावं, रुपयाला सहा आणे, बाकीचं शेठ सोडून देईल. दोन म्हशी द्या, तिसरी विका, भाडं करा आणि सुखानं देशी जा. कोर्टात फक्त एवढंच म्हणायचं, हो, आमचं दिवाळं निघालं. "फिर कोई नहीं पूछेगा. ना मैं, ना सेठ, ना कचेरी."

तो गेला तेव्हा गोविंदचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. संध्याकाळच्या धारांना तो शकुंतलेजवळ येऊन बसला.

"शके, देव पावला बघ. चुकून लावलेल्या समईनं निम्म्याहून जास्त कर्ज फिटलं. दिवाळीला घरी. आई वाट बघती आपली."

शकुंतला धार काढत राहिली. कासंडीत फेस चढत होता.

"अवो, पर आपलं दिवाळं कुठं निघालंय?"

"न्हाई निघालं. त्यांना वाटतंय ना? वाटू दे. आपण कुठं खोटं बोललो?"

"उद्या कोर्टात बोलायचंय की खोटं." तिनं हात थांबवले. "त्या बाबानं सरकी पाठवली, ती आपल्या म्हशींनी खाल्ली. ते दूध इकून आपण खाल्लं. अलका त्याच्यावर वाढली. आन आता म्हणायचं, आमच्यापाशी न्हाई? म्हशी हाईत, माझे हात हाईत. कसं म्हणू?"

"मग काय करणार? जल्मभर या वाळवंटात राबणार?" गोविंदचा आवाज चढला. "मला दम न्हाई ग आता त्या घाटाचा."

तो खरं बोलत होता. पायऱ्या चढतानाही त्याला धाप लागायची. तिलाही घरी जायचं होतं. हो म्हटलं असतं तर सुटली असती, आणि कुणी तिला नावही ठेवलं नसतं. उलट चालीप्रमाणं सगळ्यांनी मान डोलावली असती.

"माझ्या देवाच्या दिव्याला मी बुडाल्याचा दिवा म्हणणार न्हाई," ती म्हणाली. "तुम्हाला जायचं तर तुम्ही व्हा पुढं. मी फेडून येते."

गोविंद उठून गेला. रात्री तो जेवला नाही. पण सकाळी त्यानं सायकलला कॅन बांधले आणि तिला म्हणाला, "कोर्टात लुगडं धुवट नेस."

जयपूरच्या मुन्सफ कोर्टात पंखा होता, पण फिरत नव्हता. नंदकिशोर शेठ पहिल्यांदाच तिला दिसला. पातळ, गोरा, केशरी पगडीचा म्हातारा, बाकावर अगदी टोकाला बसलेला. मुन्सफांनी गोविंदला विचारलं, रक्कम कबूल? कबूल. दिवाळं निघालं हे कबूल? गोविंद शकुंतलेकडं बघायला लागला.

"साहेब, मी बोलू?" ती म्हणाली. मग तिच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सगळं सांगितलं. दिव्यांची अवस, चिंच, धाकटीची लाथ, धुतलेलं गोणपाट, संपलेलं तेल. सांगताना कोर्टातली माणसं हसायला लागली. एक वकील तर तोंडावर रुमाल धरून हसत होता. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही.

"हमारा दिवाला नहीं निकला. हमारा पूजा था. सेठजी का रुपया पूरा देना है हमको. एकदम नहीं होगा. दूध जैसा जैसा निकलेगा वैसा देगा."

शेठचा वकील झटकन उठला, "हुजूर, दावा पूरा कबूल!" त्याला वाटलं, बाईनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मुन्सफांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. मग पूर्ण रकमेचा हुकूमनामा झाला, महिन्याचे हप्ते बांधून दिले, म्हशींची जप्ती उठली. बाहेर पडताना नंदकिशोर शेठनं पगडी सारखी केली आणि टांग्यात बसून निघून गेला. शकुंतलेला वाटलं होतं, निदान मान तरी हलवील. ती खट्टू झाली.

त्यानंतरची वर्षं आठवायची तर फक्त हात आठवतात. शकुंतलेचे शेणानं भेगाळलेले आणि गोविंदचे सायकलच्या मुठीनं घट्टे पडलेले. शेठच्या पेढीवर नेमलेल्या तारखेला पैसे जायचे, पोती मात्र यायची नाहीत. चारा-पेंड सगळं रोखीनं. हप्ता भरायला कमी पडलं की ती स्वतः जयपुरातल्या बापूनगरात जायची, रतिबाची बाकी मागायला. विमा कचेरीतले श्रीपादराव, त्यांच्या शालिनीबाई. तीन महिन्यांचं दूध थकलेलं. शालिनीबाई दारातच उभ्या राहायच्या.

"अगं शकुंतला, तू पण तगादा लावायला लागलीस? आपली माणसं ना आपण?"

"आपली हाईत म्हणून तर पायी आले, बाईसाहेब."

"पुढच्या महिन्यात नक्की."

पुढच्या महिन्यात श्रीपादरावांची बदली झाली. घराला कुलूप. शकुंतला त्या कुलपापाशी थोडा वेळ उभी राहिली. घासीलाल तिच्या दारातून रिकाम्या हातानं परतायचा तेव्हा त्याला कसं वाटत असेल, हे तिला त्या पायरीवर कळलं. त्या महिन्याचा हप्ता भरायला धाकटी विकावी लागली. तोवर तिचं नाव गंगी पडलं होतं.

तरी ते दिवस नुसते दुःखाचे होते असं नाही. हिवाळ्यात गोठ्यात शेकोटी करून अनुसया आणि ती बाजरीची भाकरी भाजायच्या. त्या भाकरीची चव पुढं कुठं मिळाली नाही. एका सालचा पाऊस असा झाला की ढूंढ नदी दोन दिवस गाडीवाटेवर आली आणि सगळं गाव पाणी बघायला लोटलं. अलका शाळेत जायला लागली आणि घरी येऊन "आई, मुझे भूक लागली" म्हणायची. गोविंद आधी चिडायचा, मग हसायचा. गावी जायचं वाक्य तो अजून बोलायचा, पण आता 'कायमचं' हा शब्द गळून गेला होता. मधेच एक तार आली, गोविंदची आई गेल्याची. तेव्हा भाड्याला पैसे नव्हते. गोविंद दिवसभर चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून गोठ्यात उभा राहिला. शकुंतलेला तोंड दाखवायची लाज वाटली. त्यानं मात्र तिला कधी बोल लावला नाही. एकदा लावला असता तर तिलाच हलकं वाटलं असतं.

शेवटचा हप्ता भरायला दोघं बरोबर गेले. शकुंतला पेढीवर कधी आली नव्हती. चारदीवारीतली, जुन्या तटाच्या आतली ती अरुंद गल्ली, पोत्यांचा आणि सरकीच्या तेलाचा वास, पांढऱ्या गादीवर नंदकिशोर शेठ, आता फारच वाकलेला. गोविंदनं नोटा पुढं ठेवल्या. घासीलालनं मोजल्या, पावती फाडली. संपलं. गोविंदनं पावती घडी घालून खिशात ठेवली आणि वर बटण लावलं. इतक्या वर्षांनी त्याची मान सरळ झालेली तिला दिसली. आता दोन म्हशी विकायच्या, भाडं करायचं, संगमनेर. आई नव्हती, पण घर होतं, नदी होती. रस्त्यानं येताना दोघांचं तेच बोलणं चाललं होतं.

ती उठणार, तेवढ्यात शेठ बोलला. आवाज अगदी बारीक.

"बाई, मेरे बाप ने बाज़ार में तीन दीये देखे थे, मैंने एक. उनमें से पूरा रुपया किसी ने नहीं दिया." मग तो थोडा थांबला, गादीवरचा कागदाचा कपटा उचलून बाजूला केला. "सरकी नई आई है. कितनी बोरी भेजूं?"

गोविंद घाईघाईनं म्हणाला, "नहीं सेठजी, अब उधार बंद. और हम लोग तो..."

"मैंने पैसे की बात नहीं की," शेठ म्हणाला. तो गोविंदकडं बघतच नव्हता. "बाई से पूछ रहा हूं."

शकुंतलेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. याच माणसानं तिच्या म्हशींना सील मारायला लावलं होतं. आणि या सगळ्या शहरात, आपल्या म्हणवणाऱ्या सगळ्या माणसांत, तिचा शब्द पुरा पडतो हे याच एका माणसाला ठाऊक होतं. संगमनेरात तिला आता कोण ओळखणार होतं? तिनं गोविंदकडं पाहिलं. त्याला कळलं. त्यानं डोळे पुसले आणि हळूच मान डोलावली.

तिनं पदर सावरला.

"दोन बोरी," ती म्हणाली. "लिखो."